परसातल्या कोंबड्या: वेगवेगळ्या जाती, वेगवेगळी वयं एकत्र ठेवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मागच्या परसात कायम वीस-पंचवीस कोंबड्या असतात. निम्म्या गावरान, बाकी गिरिराज, कडकनाथ आणि दोन-चार तांबड्या आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. हे बघून गावातल्या, नात्यातल्या बायका विचारत राहतात, त्यातलेच हे प्रश्न. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांसाठी यात काही नाही. दहा ते तीस कोंबड्या पाळणाऱ्या घरासाठी मात्र बरंच आहे.

गावरान, कडकनाथ, गिरिराज, वनराजा, आरआयआर एका खुराड्यात चालतात का?

चालतात. कोंबड्या जात बघून भांडत नाहीत. वजन, वय आणि आधी कोण आलं, यावरून भांडतात. सव्वा किलोची गावरान आणि अडीच किलोची गिरिराज दाण्याच्या एकाच भांड्यावर आल्या की गावरान चपळाईने दोन घास उचलून पळते आणि गिरिराज उभी राहून पोटभर खाते. हे रोज होत राहिलं की गावरान रोडावते, अंडी बंद करते आणि आपण म्हणतो की हिला काहीतरी रोग झाला. रोग नसतो, उपासमार असते.

उलटंही होतं. आमच्याकडची एक जुनी गावरान कोंबडी, वजनाला जेमतेम दीड किलो, पण सगळ्या धिप्पाड गिरिराजांना तिने धाकात ठेवलं होतं. त्या परसात ती चार वर्षांपासून होती आणि बाकीच्या काल आलेल्या.

जातींचे स्वभाव थोडे वेगळे असतात, हेही खरं. कडकनाथ भित्री, जरा खुट्ट झालं की उडून छपरावर. गिरिराज आणि वनराजा शांत, जड, माणसाच्या पायात घोटाळणाऱ्या. आरआयआर खादाड आणि दाण्यावर दांडगाई करणारी. गावरान हुशार, घार दिसली की पहिली आरोळी तीच देते. म्हणून माझं मत असं की परसातल्या प्रत्येक कळपात निदान चार गावरान कोंबड्या असाव्यातच. बाकीच्या त्यांच्याकडे बघून लपायला शिकतात.

कुठल्या कोंबड्या अजिबात मिसळू नयेत?

ब्रॉयलर. कुणाकडून उरलेली चार-पाच पिल्लं फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातात, पायांवर उभं राहवत नाही, पळता येत नाही आणि आपल्याकडचा एप्रिल त्यांना सोसत नाही.

असील नराला दुसऱ्या कोंबड्याबरोबर ठेवू नका. झुंजीची जात आहे, एक पडेपर्यंत थांबत नाहीत. असीलच्या माद्यासुद्धा तापट असतात.

पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या पोल्ट्रीतून दीड वर्षानंतर काढलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात स्वस्तात मिळतात. त्यांची चोच लहानपणीच कापलेली असते, त्यामुळे टोचणाऱ्या कोंबडीला उलट टोचता येत नाही. मातीतला किडा उचलणं जमत नाही, दांडीवर बसणं माहीत नसतं, ऊन-पाऊस कधी पाहिलेला नसतो. घ्यायच्याच असतील तर त्यांची वेगळी सोय करा. जत्रेतली गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं बहुतेक वेळा अंड्याच्या जातीचे नर असतात. त्यांना अंडी नाहीत, अंगावर मांसही धड चढत नाही. पोरं हट्ट करतात, पण त्यांना लस दिलेली नसते आणि त्यांच्यासोबत रोगही घरी येऊ शकतो.

बाजारातून आणलेली कोंबडी किती दिवस वेगळी ठेवायची?

तीस दिवस. लोक म्हणतात, आठवडाभर पुरे की! पुरत नाही, आणि हे मी फार मोठी किंमत देऊन शिकले.

एका दिवाळीआधी आठवडी बाजारातून चार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, आणल्या होत्या. तुरे लालभडक, पिसं चकाकणारी, तब्येतीने एकदम खणखणीत. संध्याकाळी आल्या आल्या खुराड्यात सोडल्या. सहाव्या दिवशी सकाळी आमचीच एक कोंबडी कोपऱ्यात उभी दिसली, मान उलटी पाठीवर वळलेली. दाणा उचलायला जायची आणि चोच भलतीकडेच पडायची. खाली हिरवट पातळ शी. मानमोडी, म्हणजे राणीखेत. पुढच्या नऊ दिवसांत सव्वीसपैकी एकवीस गेल्या. खड्डा खणून, चुना टाकून पुरताना माझ्या सासूबाई बाजूला उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या चार तलंगांपैकी तीन मात्र शेवटपर्यंत ठणठणीत राहिल्या.

बाहेरून निरोगी दिसणारी कोंबडी आतून रोग वाहत असू शकते. मानमोडी साधारण पाच-सहा दिवसांत दिसते, कधी दोन आठवडेही घेते. जुनाट सर्दी आणि मरेकसारखे रोग त्याहून जास्त काळ लपून राहतात. आपल्या खान्देशाला तर हे वेगळं सांगायला नको. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला झाली आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतल्या घरगुती कोंबड्यांत तो सापडला. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा आला. कोंबड्या एकाएकी मोठ्या संख्येने मरायला लागल्या तर त्या कापून खाऊ नका, विकू नका, नातेवाइकांना वाटू नका. ताबडतोब जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवा.

आमच्याकडे जागाच नाही. वेगळं ठेवायचं म्हणजे कसं?

मोठं डालगं (कोंबड्या झाकायची टोपली), जुनी खाट आडवी करून लावलेली जाळी, गोठ्याचा एक कोपरा, काहीही चालतं. अट एवढीच की जुन्या कोंबड्यांपासून निदान पंधरा-वीस पावलं लांब हवं आणि वारा नव्यांकडून जुन्यांकडे वाहू नये. भांडी वेगळी. आधी जुन्यांना दाणा-पाणी, मग नव्यांना, आणि त्यानंतर हात-पाय धुऊनच परत. चपला वेगळ्या ठेवता आल्या तर उत्तम, कारण रोग चपलेला लागलेल्या शीमधूनही फिरतो.

या महिन्यात चार गोष्टी बघा. डोळ्यात फेस किंवा नाकात पाणी आहे का? पंखाखाली आणि शेपटीखालच्या पिसांच्या बुडाशी उवा-लिखा आहेत का? शी कशी पडते? आणि रात्री सगळं सामसूम झालं की डालग्याला कान लावा. निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. घरघर, खरखर किंवा शिंकल्यासारखा आवाज आला तर महिना संपला तरी आत घेऊ नका.

शेवटच्या दोन आठवड्यांत आपली एखादी जुनी कोंबडी त्यांच्यासोबत ठेवून बघायची. ती आजारी पडली तर उरलेल्या वाचल्या. ऐकायला हे कठोर वाटतं, पण एकवीस पुरण्यापेक्षा एक बरी.

महिना झाला. आता एकत्र सोडायच्या कशा?

घाई केली तर इथेच रक्त निघतं. मी करते ते असं.

आधी आठ-दहा दिवस एकमेकींना फक्त दिसू द्यायचं, शिवू द्यायचं नाही. मध्ये जाळी, दोन्हीकडे दाण्याचं भांडं जाळीला लागूनच. पहिले दोन दिवस जुन्या कोंबड्या जाळीवर धावून जातात, मानेची पिसं फुलवतात. पाचव्या-सहाव्या दिवशी दोन्हीकडच्या कोंबड्या एका रेषेत उभ्या राहून खायला लागल्या की समजायचं, निम्मं काम झालं.

मग दुपारी चारच्या पुढे, ऊन कलल्यावर, सगळ्यांना मोकळ्या परसात सोडायचं. खुराड्यात नाही. मोकळ्या जागेत हरलेलीला पळता येतं. परसात आडोसे हवेत: तुराट्यांचा भारा, उलटी ठेवलेली टोपली, केळीच्या खुंटांची आडवी रांग, पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग. टोचणारीच्या नजरेआड गेलं की भांडण तिथेच संपतं. दोनेक तासांनी अंधार पडतो आणि सगळ्या आपोआप दांडीवर जातात. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे रात्री शेजारी कोण बसलं याची तक्रार होत नाही. नुसतं रात्री गुपचूप दांडीवर ठेवून सकाळी विसरून जायचं, असंही पुष्कळ जण करतात. पण पहाटे खुराडं बंद असताना भांडण लागलं तर पळायला जागा नसते. तसं करणार असाल तर तांबडं फुटायच्या आधी उठून दार उघडा.

एकटी कोंबडी कधी सोडू नका. दोन-तीन तरी एकदम, म्हणजे मार वाटला जातो. आणि शक्यतो नव्या कोंबड्या जुन्यांपेक्षा फार लहान नकोत.

दाण्याची भांडी वाढवा. माझ्या पहिल्या वर्षी कोंबड्या दिवसभर भांडायच्या, मी जातीला दोष देत बसले होते. धरणगावची माझी मावशी आली, दारात उभी राहून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “भांडं एक शे, चोची बारा शेतस.” म्हणजे भांडं एक आणि चोची बारा. दुसऱ्या दिवशी तीन भांडी लांब लांब ठेवली आणि निम्मी भांडणं मिटली. तेव्हापासून माझा हिशोब असा: सहा-सात कोंबड्यांमागे एक दाण्याचं आणि एक पाण्याचं भांडं, आणि एका भांड्यावरून दुसरं दिसू नये.

भांडतात तेव्हा मध्ये पडायचं की नाही?

छाती पुढे करणं, उडी मारणं, डोक्यावर एक-दोन टोचे, पाठलाग, हे होऊ द्या. कोंबड्यांत कोण पुढे, कोण मागे हे ठरल्याशिवाय शांतता होत नाही. त्याला आठवडा ते पंधरा दिवस लागतात. आपण रोज मध्ये पडलो तर ते ठरतच नाही.

रक्त दिसलं की मात्र त्या क्षणी उचला. लाल रंग दिसला की कोंबड्या त्याच जागी टोचत राहतात, आणि शांत स्वभावाच्यासुद्धा त्यात सामील होतात. जखम कोमट मिठाच्या पाण्याने पुसून हळद आणि कडुनिंबाचं तेल लावा, पूर्ण खपली धरेपर्यंत वेगळी ठेवा, पण जाळीतून बाकीच्यांना दिसेल अशी. अजिबात दिसली नाही तर परत येईल तेव्हा ती पुन्हा नवीच.

एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल तर मार खाणारीला नाही, मारणारीला बाहेर काढा. तीन-चार दिवस डालग्याखाली ठेवा. ती परत येते तेव्हा तिची जागा दुसरीने घेतलेली असते आणि ती गुमान खालच्या मानाने वागते. हा उपाय माझ्याकडे एकदाही फसलेला नाही.

विकतची पिल्लं मोठ्या कोंबड्यांत कधी सोडायची?

बारा आठवड्यांआधी नाही. सोळा आठवडे झाले तर जास्त चांगलं. वयापेक्षा अंगाकडे बघा: सगळ्यात लहान मोठ्या कोंबडीच्या पाऊण आकाराचं पिल्लू झालं की ते आपला जीव वाचवू शकतं. गिरिराज लवकर त्या मापाची होतात, कडकनाथ उशिरा. एकाच दिवशी आणलेली दोन्ही पिल्लं एकाच दिवशी सोडायला तयार नसतात.

पिल्लांमध्येही फार अंतर नको. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं. चार आठवड्यांच्या पिल्लाला ती ऊब म्हणजे भट्टी, आणि नव्याला मोठ्याची ऊब म्हणजे थंडी. आठवडाभराचं अंतर चालतं, त्यापुढे वेगळी पेटी करा.

आणखी एक भीती रक्ती हगवणीची. मोठ्या कोंबड्यांच्या शीमध्ये तिचे जंतू असतात, मोठ्यांना त्याची सवय झालेली असते. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू त्या ओल्या मातीत चरलं की रक्त हगून दोन दिवसांत संपतं. जून ते सप्टेंबर हा त्याचा काळ. पिल्लांखालचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं कोरडी ठेवा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडून चिखल होत नाही. शीमध्ये रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडून औषध घ्या. हे पाण्यातून द्यायचं औषध वेळेवर दिलं तर चांगलं लागू पडतं.

खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली विकतची पिल्लं घालता येतात का?

येतात, आणि जमलं तर यासारखं सुख नाही. बल्ब नको, पेटी नको, मोठ्यांत मिसळायची चिंता नको, सगळं आई बघते. आईमागे चालणाऱ्या पिल्लाला चोच लावायची कुणाची हिंमत होत नाही.

अटी दोन. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. तीन-चार दिवसांनंतर पिल्लू तिला आई म्हणून ओळखत नाही आणि तिच्यामागे जात नाही. आणि कोंबडी निदान दोन-अडीच आठवडे अंड्यांवर बसलेली हवी. रात्री दिवा न लावता एक-एक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवायचं आणि तेवढी अंडी काढून घ्यायची. थोडा वेळ थांबून ऐका. कोंबडी घशातल्या घशात हळू आवाजात बोलायला लागली की झालं, तिने घेतली. सकाळी उजाडताच एकदा बघाच, कारण एखादी कोंबडी वेगळ्या रंगाच्या पिल्लाला टोचते. आमच्या पांढऱ्या गावरानने कडकनाथची काळी पिल्लं पहिल्या वेळी नाकारली होती. दुसऱ्या वेळी सगळी काळीच दिली, तेव्हा निमूट घेतली.

खुडूक व्हायला गावरानच हवी. गिरिराज, वनराजा, आरआयआर बसतच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि कडकनाथही क्वचितच बसते.

सगळ्यांना एकच दाणा चालतो का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, प्रमाण साडेतीन-चार टक्के असतं. वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरतो. पिल्लाने महिनोन्महिने अंड्याचं खाद्य खाल्लं तर त्याचे मूत्रपिंड खराब होतात आणि ते वरून धडधाकट दिसत असताना मरतं. कोंबड्यालाही एवढ्या चुन्याची गरज नसते. उलट पिल्लांचं खाद्य मोठ्या कोंबडीला दिलं तर तिची अंडी पातळ कवचाची होतात.

मग मिश्र कळपात करायचं काय? सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या, म्हणजे साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनांचं, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा. ज्या कोंबडीला अंड्यासाठी हवा ती आपणहून खाते, पिल्लं आणि कोंबडे त्याला फारसं तोंड लावत नाहीत. मी हे बरीच वर्षं करते आहे. अगदी लहान पिल्लांना, आठ आठवड्यांपर्यंत, २० टक्क्यांच्या वरचं खाद्य लागतं. त्यासाठी एक पेटी ठेवा, जिच्या जाळीतून फक्त पिल्लू आत शिरेल.

घरचं धान्य द्या की. दादर (ज्वारी), बाजरी, मक्याचा भरडा, तांदळाच्या कण्या, सगळं चांगलं. पण नुसत्या धान्यावर गावरान जगते, गिरिराज आणि आरआयआर अंडी देत नाहीत. त्यांना प्रथिनं हवीत, आणि दिवसभर परसात उकरून मिळणारे किडे वीस कोंबड्यांत वाटले तर पुरत नाहीत.

आणि सरकी. आपल्या प्रत्येक घरी गुरांसाठी सरकी किंवा सरकी पेंड असते, गव्हाणीत सांडते आणि कोंबड्या ती टिपतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, सरकीतल्या तेलामुळे पांढरं गुलाबी होतं, आणि सरकी जास्त पोटात गेली तर कोंबडीला बाधते. “माझ्या कोंबड्यांना कसलं अंडं आलं, बलक काळपट आहे,” असं कुणी म्हटलं की मी आधी गोठा बघते. पेरणीच्या दिवसांत रंगीत औषध चोळलेलं कपाशीचं, मक्याचं बियाणं घरात उघडं ठेवू नका. फवारणी केलेल्या वाफ्यात कोंबड्या सोडू नका. दोन्हींनी कोंबड्या मेलेल्या मी पाहिल्या आहेत.

वयं वेगवेगळी असतील तर लसीकरण कसं करायचं?

साधारण क्रम असा: पहिल्या दिवशी मरेक, ती उबवणी केंद्रातच देतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात-नाकात. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास लासोटा पुन्हा. सहा-सात आठवड्यांनी देवीची लस. आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी, टोचून. पिल्लं घेताना मरेक दिली का हे विचारा. तुमच्या भागातल्या रोगांप्रमाणे पशुवैद्य क्रम थोडा बदलतील, त्यांचं ऐका. अंड्यावर असलेल्या कोंबडीला आर-टू-बी टोचली की अंडी घटतात, म्हणून ती वेळ आधीच साधायची.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर पक्ष्यांची आणि आपल्याकडे वीस. एकदा मिसळलेली लस दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रिजमध्ये ठेवून उद्या चालत नाही. आमच्या गल्लीत आता सहा घरं एकच दिवस ठरवतात. थर्मासमध्ये बर्फ घालून लस येते, पहाटे सहाला सुरू करतो, आठच्या आत सगळं आटोपतं. सगळ्यांच्या कोंबड्या एकाच दिवशी झाल्या की गल्लीत रोगाला जागाच उरत नाही.

कोंबडे किती ठेवावेत?

आठ-दहा कोंबड्यांमागे एक. दुसरा असेल तर दोघे एकत्र वाढलेले हवेत आणि परस मोठं हवं. नुसती खायला अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी देतातच. काही बायकांना अजूनही हे खोटं वाटतं.

मिश्र कळपात जड कोंबड्याकडे लक्ष ठेवा. साडेतीन किलोचा गिरिराज कोंबडा लहान गावरान तलंगीवर चढला की तिच्या पाठीची पिसं जातात, नखांनी कातडी फाटते. पाठ उघडी दिसायला लागली की कोंबडा महिनाभर वेगळा करा. हलक्या कोंबड्या जास्त असतील तर गावरान कोंबडाच ठेवा.

मिश्र कळपातली अंडी उबवली तर पिल्लं कुठल्या जातीची होतील?

जो कोंबडा, अर्धी त्याची. कडकनाथ कोंबडा आणि गावरान कोंबडी असली तर बरीच पिल्लं सावळी निघतात, पण सगळी आतून-बाहेरून काळी निघतील असं नाही आणि त्यांना कडकनाथ म्हणून विकणं बरोबर नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावाला किंमत आहे, ती राखावी.

गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया या संकरातून तयार केलेल्या. त्यांच्या आपसातल्या पिल्लांत आईबापाची अंडी देण्याची ताकद टिकत नाही. म्हणून त्यांची पिल्लं दर वेळी केंद्रातून आणावीत. शुद्ध गावरान किंवा कडकनाथ हवी असेल तर तो नर-मादीचा गट वेगळा काढा आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांची अंडी खाऊन टाका. आधीच्या कोंबड्याचा अंश मादीत तितका काळ राहतो.

उन्हाळ्यात नव्या कोंबड्या आणू का?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास आणू नका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. त्या दिवसांत नवी जागा, नवं भांडण आणि ऊन असा तिहेरी ताण कोंबडी झेलत नाही. मी दसऱ्यानंतर ते संक्रांतीपर्यंतच भर घालते.

उन्हात आधी जड कोंबड्या जातात. गिरिराज आणि आरआयआर चोच उघडून, पंख पसरून धापा टाकू लागल्या की पाण्याचं भांडं त्यांच्या जवळ न्या, बर्फ नको, माठातलं पाणी द्या. दुपारी दाणा काढून घ्या, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा द्या, कारण पचनानेही अंग तापतं. पत्र्यावर पऱ्हाट्या आणि ओली पोती टाका. उघड्या मानेच्या गावरान कोंबड्या याच काळात खरं सोनं ठरतात.

खुराड्यात दांड्या आणि जागा कशी असावी?

रात्रीसाठी प्रत्येकीला दोन चौरस फूट आणि दांडीवर आठ-दहा इंच. जड कोंबड्यांसाठी दीड-दोन फुटांवर जाड दांडी, हलक्यांसाठी वर. जड कोंबडी उंचावरून रोज उडी मारत राहिली की तळपायाला गाठ होते, ती पिकते आणि कोंबडी लंगडते. चार-पाच कोंबड्यांना अंड्याचं एक खोकं.

मातीच्या भिंतीच्या जुन्या खुराड्यात गोचीड बघा. ती दिवसा भेगांत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून दिवसा कोंबडीवर सापडतच नाही. रात्री बॅटरी घेऊन भिंत बघा. उपाशीपोटी ती वर्ष-वर्ष जगते, त्यामुळे खुराडं सहा महिने रिकामं ठेवून काही होत नाही. भेगा शेणमातीने बुजवा आणि वरून चुना फिरवा. कोपऱ्यात चुलीची राख टाकून ठेवा, कोंबड्या तिच्यात लोळून उवा स्वतःच झाडतात.

बदक, टर्की सोबत चालतील?

बदकं रात्री वेगळी ठेवा. ती पाणी सांडून सगळं ओलं करतात आणि ओलीतून रक्ती हगवण येते. टर्की कोंबड्यांसोबत नकोच. कोंबडीच्या पोटातल्या जंतांतून टर्कीला काळ्या डोक्याचा म्हणून ओळखला जाणारा रोग होतो, त्यात कोंबडी बचावते आणि टर्की मरते.

अंडी बंद झालेली म्हातारी कोंबडी काढून टाकावी का?

तुमच्या घरचा निर्णय. आमच्याकडे दोन ठेवलेल्या आहेत. वर उल्लेख केलेली दीड किलोची जुनी गावरान त्यातली एक. नव्या कोंबड्या सोडल्या की पहिल्या दिवशी तीच त्यांच्यामागे धावते, आणि संध्याकाळी घार फिरायला लागली की सगळ्यांना पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली तीच नेते.

शेजाऱ्यांच्या कोंबड्या रोज आमच्या परसात येतात, मग वेगळं ठेवून काय उपयोग?

उपयोग आहे, पण अर्धाच. बाजारातून नवी कोंबडी शेजारणीने आणली तरी ती तुमच्याच दाण्यावर येणार आहे. तिच्याशी बोला, लस एकाच दिवशी घ्या आणि बाजारातून काही आणलं की एकमेकींना सांगा. आमच्या गल्लीत आता कुणी तलंग आणली की आधी हाक येते, “ताई, डालगं आहे का रिकामं?”